फोटो मागणे हा गुन्हा केव्हा ठरतो?

एखाद्या बाईचा खासगी फोटो तिच्या संमतीवाचून पसरवणे हा गुन्हा आहे, एवढे आता बहुतेकांना ठाऊक असते. कलम सांगता आले नाही तरी ‘सायबर सेलला जा’ हा सल्ला गावोगाव दिला जातो. पण फोटो पसरण्याआधी बरेच काही घडून गेलेले असते. ‘एकच पाठव, लगेच डिलीट करतो’ अशी गळ, ‘विश्वास नाही का माझ्यावर’ असा रुसवा, नकार मिळाल्यावर रात्री-अपरात्री मेसेजचा मारा आणि शेवटी ‘पाठव, नाहीतर आपले चॅट तुझ्या बाबांना दाखवतो’. या वेळी तो फोटो बहुधा काढलेलाही नसतो. नेमक्या त्या वेळी कायदा काय देतो, याचा हा आढावा.

त्याचे उत्तर एका कलमात सापडत नाही. दबाव टाकून प्रौढ व्यक्तीकडून खासगी फोटो मिळवणे असा स्वतंत्र गुन्हा भारतीय कायद्यात नाही. धाकदपटशा, खंडणी, पाठलाग, लैंगिक छळ अशा निरनिराळ्या हेतूंनी लिहिलेल्या कलमांतून तो जुळवावा लागतो. जुळवणी कधी चपखल बसते, कधी ओढूनताणून करावी लागते. या विषयावरचे बहुतेक मतभेद इथूनच सुरू होतात.

मोबाइलच्या आधीपासून

फोटोच्या धाकाने माणसाला अंकित करणे हे इंटरनेटने शिकवलेले नाही. १९९२ मध्ये अजमेरला आणि १९९४ मध्ये आपल्याकडे जळगावला उघडकीस आलेल्या प्रकरणांत मुलींचे आणि स्त्रियांचे फोटो हेच त्यांना गप्प ठेवण्याचे साधन होते. अजमेर प्रकरणातील सहा आरोपींना जन्मठेप झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी. मधल्या काळात कित्येक साक्षीदार मागे हटले होते. ‘लोकांना कळेल’ या भीतीने तक्रार करणारा मागे सरतो, तेव्हाही सरत होता.

२००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात या विषयाला लागू पडणारे मुख्य कलम होते ६७, अश्लील मजकूर प्रसिद्ध करण्याबद्दलचे. २००४ मध्ये दिल्लीतील दोन शाळकरी मुलांची चित्रफीत बाझी डॉट कॉम या संकेतस्थळावर विक्रीला आली आणि कंपनीच्या प्रमुखालाच अटक झाली. त्या वादाचे पडसाद २००८ च्या दुरुस्तीत उमटले. ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीने ६६ई, ६७ए आणि ६७बी ही कलमे आणली. संमतीशिवाय शरीराच्या खासगी भागाचे चित्र टिपणे किंवा पाठवणे हा ६६ई खालचा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ६७ए लैंगिक कृतीच्या चित्रणाबद्दल आहे, ६७बी मुलांबद्दल.

दिल्लीच्या २०१२ मधील सामूहिक बलात्कारानंतर न्या. वर्मा समिती नेमली गेली आणि २०१३ मध्ये दंडसंहिता बदलली. स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणे वा टिपणे, तिचा पाठलाग करणे आणि लैंगिक छळ हे तिथे स्वतंत्र गुन्हे झाले. यातील एका स्पष्टीकरणाची मोलाची ओळ फारशी चर्चेत येत नाही. फोटो काढायला स्त्रीची संमती होती, पण तो तिसऱ्याला दाखवायला नव्हती, तर दाखवणारा गुन्हेगार. ‘तिनेच दिला होता’ हा बचाव कायद्याने तिथे संपवला. २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मार्च २०१८ मध्ये पश्चिम बंगालमधील तामलुकच्या न्यायालयाने एका तरुणीचे खासगी चित्रण इंटरनेटवर टाकणाऱ्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. अशा प्रकारातील ही देशातली पहिली शिक्षा मानली जाते.

या साऱ्या प्रवासात कायद्याचे लक्ष टिपण्यावर आणि पसरवण्यावर राहिले. मागण्यावर ते क्वचितच गेले.

आज हातात काय आहे

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. धमकी देऊन फोटो मागितला जात असेल, तर सर्वांत जवळचे कलम ३५१, म्हणजे धाकदपटशाचे. शरीर, मालमत्ता किंवा प्रतिष्ठा यांना इजा करण्याची धमकी देऊन एखाद्याला, जे करायला तो कायद्याने बांधलेला नाही, ते करायला लावणे अशी त्याची व्याख्या आहे. फोटो पाठवायला कोणीच बांधलेले नसते, त्यामुळे व्याख्या नेमकी लागू पडते. साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत, आणि धमकी देणाऱ्याने नाव लपवले असेल तर त्यात आणखी दोन वर्षांपर्यंत भर. अडचण दुसरीकडे आहे. केंद्रीय अनुसूचीप्रमाणे हा गुन्हा सर्वसाधारणपणे अदखलपात्र. नुसते हेच कलम लागले तर ठाण्यात ‘एनसी’ची नोंद होते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास सुरू होत नाही. तो आदेश येईपर्यंत फोटो कुठल्या कुठे गेलेला असू शकतो.

कलम ३०८, खंडणी, याहून जड आहे. ते दखलपात्र आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. जुन्या दंडसंहितेत ती तीनच वर्षे होती. पैशाची मागणी आली की पोलिसांना हे कलम लावायला अडचण वाटत नाही. मागणी फोटोचीच असेल तर? खंडणीच्या व्याख्येत भीती घालून ‘मालमत्ता’ द्यायला लावणे आवश्यक आहे. डिजिटल फोटो मालमत्ता आहे काय, हा प्रश्न पूर्वी उत्तरापर्यंतही पोहोचत नसे, कारण जुन्या संहितेत जंगम मालमत्ता म्हणजे मूर्त वस्तू असे म्हटले होते. नव्या संहितेने ‘मूर्त’ ही अट काढून टाकली. हा बदल बहुधा डेटाचोरी डोळ्यांसमोर ठेवून केलेला असावा. पण या विषयातही त्याने एक वाट मोकळी केली आहे. ती वाट न्यायालये किती रुंद करतात ते अजून दिसायचे आहे.

धमकी नाही, नुसता तगादा असेल, तर स्त्रीसाठी दोन कलमे उरतात. कलम ७५ लैंगिक सुखाची मागणी किंवा विनंतीसुद्धा गुन्हा मानते, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कलम ७८, पाठलाग: स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणे. इथे ‘स्पष्ट’ या शब्दाला वजन आहे. संकोचापोटी हसण्याचा इमोजी टाकून विषय टाळलेला असेल तर बचाव पक्षाचा वकील त्याचा अर्थ आपल्या बाजूने लावतो. ‘नाही, पुन्हा विचारू नकोस’ असा एक लेखी मेसेज असेल तर त्याला तसे करता येत नाही. मागणारा वरिष्ठ किंवा सहकारी असेल तर २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा कायदा लागू होतो. त्यात पोलिसांकडे न जाताही अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करता येते आणि सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. समिती नसलेल्या छोट्या आस्थापनांसाठी आणि घरकामगार स्त्रियांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिचा पत्ता फार थोड्यांना माहीत असतो. दबाव नवऱ्याचा किंवा लग्नासारख्या नात्यातील जोडीदाराचा असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मागता येतो. लैंगिक स्वरूपाचे मानखंडना करणारे कोणतेही वर्तन त्या कायद्याच्या कक्षेत येते.

मग पुरुषांचे काय? चोरून टिपणे, पाठलाग आणि लैंगिक छळ या कलमांत पीडित व्यक्ती स्त्रीच असावी लागते. पुरुषाला ६६ई, धाकदपटशा आणि खंडणी यांवरच भिस्त ठेवावी लागते. हा प्रश्न पुस्तकी नाही. राजस्थान आणि हरियाणाच्या सीमेवरील मेवात पट्ट्यातील टोळ्या व्हिडिओ कॉलवर समोरच्याला कपडे काढायला लावून स्क्रीन रेकॉर्ड करतात. नंतर त्यांच्यापैकीच कोणी ‘दिल्ली पोलीस’ म्हणून फोन करतो. पुण्यात २०२२ मध्ये अशा धमक्यांनंतर तरुणांनी जीव दिल्याच्या घटना घडल्या आणि तपास अलवर जिल्ह्यापर्यंत गेला. पैशाची मागणी असल्याने अशा प्रकरणांत खंडणीचे कलम लागते. ओळखीच्याच कोणी तरुणाकडे फोटोसाठी तगादा लावला तर मात्र त्याला बोट ठेवायला कलम सापडत नाही.

आणखी एक फट २०२४ मध्ये ठळक झाली. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने बंगळूर आणि मुंबईत स्त्रियांना व्हिडिओ कॉलवर ‘तपासणी’साठी विवस्त्र व्हायला लावल्याच्या तक्रारी आल्या. स्त्रीला विवस्त्र व्हायला भाग पाडणे हा कलम ७६ खाली तीन ते सात वर्षांचा गुन्हा आहे, पण त्यासाठी हल्ला किंवा ‘फौजदारीपात्र बलप्रयोग’ हवा. शेकडो मैलांवरून पडद्यावर घातलेली भीती हा बलप्रयोग म्हणायचा का? चोरून टिपण्याचे कलम ७७ही अडखळते, कारण त्याला टिपणारा दुसरा कोणी लागतो. दबावाखाली स्वतःच काढलेल्या फोटोत टिपणारी व्यक्ती पीडितच असते. भीतीपोटी दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असे कलम २८ सांगते. ते तत्त्व इथे आणून बसवता येईल, पण कोणीतरी ते बसवायला हवे.

अठरा वर्षांखाली चित्र वेगळे

मुलांच्या बाबतीत मात्र कायद्याने मागण्याचा टप्पा ओळखला आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम ११ मुलाच्या शरीराचे चित्रण, खरे असो वा बनावट, माध्यमांत वापरण्याची धमकी देणे हाच गुन्हा ठरवते. अश्लील चित्रणासाठी मुलाला फूस लावणे हाही त्याच कलमात गुन्हा आहे. मुलगा आणि मुलगी असा भेद नाही, प्रत्यक्ष फोटो हाती लागण्याची अट नाही. ‘खरे असो वा बनावट’ हे शब्द २०१२ मध्ये, कृत्रिम बुद्धिमत्तेने कुणालाही विवस्त्र दाखवणारी ॲप येण्याच्या कितीतरी आधी लिहिले गेले. प्रौढांसाठीच्या कलमांत ते आजही नाहीत.

सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे असे चित्रण जवळ बाळगण्याबद्दलचा मद्रास उच्च न्यायालयाचा सौम्य निकाल रद्द केला आणि ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ ऐवजी शोषण व अत्याचार दर्शवणारी संज्ञा वापरायला सांगितले. या कठोरपणाची दुसरी बाजू शाळा-कॉलेजात दिसते. सतरा वर्षांच्या मुलीने सतरा वर्षांच्या मित्राला राजीखुशीने पाठवलेला फोटोही कायद्याच्या अक्षरात मुलाचे अश्लील चित्रणच ठरतो, आणि गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे असे कलम १९ सांगते. त्यामुळे शिक्षक आणि समुपदेशक कात्रीत सापडतात. मुलीने विश्वासाने सांगितले की दबाव येतोय, तर तिला ‘आधी मला पोलिसांना कळवावे लागेल’ असे सांगावे लागते. मग पुढच्या वेळी ती सांगेलच याची खात्री नाही.

मते कुठे विभागली आहेत

वकील आणि पोलिसांतील मोठ्या गटाचे म्हणणे असे की कलमे पुरेशी आहेत, वापर तोकडा आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे हे ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच ठरले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने कोणत्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ आणि ऑनलाइन तक्रारीची सोय केली. तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते एवढेच. हवालदाराला ३५१ सोबत ७५ किंवा ७८ लावायचे सुचले, तर प्रकरण दखलपात्र होते. या मताप्रमाणे प्रश्न प्रशिक्षणाचा आणि मनुष्यबळाचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. ग्रामीण ठाण्यात असा अधिकारी एखादाच.

दुसऱ्या बाजूला स्वतंत्र कायदा मागणारे आहेत. वेगवेगळ्या कलमांची गोधडी शिवण्याचे काम पीडितेवर पडू नये, असे त्यांचे म्हणणे. महाराष्ट्राने या दिशेने एक पाऊल टाकले होते. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या ‘शक्ती’ विधेयकात फोन वा डिजिटल माध्यमातून स्त्रीचा छळ करणे हा वेगळा गुन्हा होता. त्याच विधेयकातील फाशीची तरतूद आणि तपासाच्या अतिआखूड मुदती यांवर वाद झडला, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही आणि हे कलमही त्याबरोबर अडकले. माझ्या मते विधेयकातील सर्वांत उपयोगी भाग सर्वांत गाजलेल्या भागाखाली दबला गेला.

तिसरी भूमिका अधिक मूलगामी आहे आणि तिच्याकडे तुलनेने कमी लक्ष जाते. मुंबईतील ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’सारख्या स्त्रीवादी संस्था विचारतात की अशा प्रकरणांत कलम ६७ वापरावेच का? ते अश्लीलतेचे कलम आहे. फोटो समाजाला भ्रष्ट करतो का, एवढाच प्रश्न ते विचारते. स्त्रीची संमती होती का, हे त्याच्या दृष्टीने गौण. अक्षरशः वाचले तर स्वतःचा फोटो पाठवणारी स्त्रीही ‘अश्लील मजकूर पाठवणारी’ ठरू शकते, आणि धमकावणारे नेमकी हीच भीती घालतात: ‘पोलिसात गेलीस तर तूच आत जाशील.’ या मंडळींना कायद्याची पायाभरणी संमती आणि खासगीपणावर हवी आहे. त्यावर पोलिसांचे उत्तर व्यवहारी असते. ६७ए खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तो अजामीनपात्र आहे, ६६ई जामीनपात्र. आरोपीला आत ठेवायचे तर हाती असलेले जड कलम कोण सोडेल?

इतर देशांनी या वादात मधली वाट काढलेली दिसते. ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया आणि २०२५ च्या कायद्यानंतर अमेरिका यांनी फोटो पसरवण्याबरोबर पसरवण्याची धमकीही नावाने गुन्हा केली आहे. दक्षिण कोरियाने आणखी पुढे जाऊन, २०२० मधील ‘एन्थ रूम’ प्रकरणानंतर, अशा चित्रणाच्या धाकाने दुसऱ्याला काही करायला भाग पाडण्याला किमान तीन वर्षांची शिक्षा ठेवली. त्या प्रकरणात मुलींना नवनवे फोटो पाठवायला लावले जात होते. जपानने २०२३ मध्ये सोळा वर्षांखालील मुलाकडे असे चित्र मागणे हाच गुन्हा ठरवला.

फोटो हटवण्याचा मार्ग

शिक्षेपेक्षा फोटो थांबवणे बहुतेकांना तातडीचे वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी नग्नता किंवा लैंगिक कृती दाखवणारे, तसेच मॉर्फ केलेले चित्र पीडित व्यक्तीच्या किंवा तिच्या वतीने आलेल्या तक्रारीवर २४ तासांत हटवणे कंपन्यांवर बंधनकारक केले; ही मुदत आणखी आखडण्याकडेच नंतरचा कल आहे. न्यायालयाचा आदेश आणायची गरज नाही, कंपनीने दाद दिली नाही तर तक्रार अपील समितीकडे जाता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ आणि एप्रिल २०२३ मधील दोन निकालांत हीच जबाबदारी सर्च इंजिनांपर्यंत नेली. दर वेळी नवा दुवा शोधून देण्याची पाळी पीडितेवर येऊ नये, असे २०२३ च्या निकालाचे म्हणणे होते. सर्च कंपन्यांनी त्याला अपिलात आव्हान दिले. तंत्र तेवढे अचूक नाही, निरुपद्रवी मजकूरही गाळला जाईल, असा त्यांचा मुद्दा आहे.

फोटो पसरण्याआधी वापरता येईल असे साधन एकाच प्रकारचे आहे. डिसेंबर २०२१ पासून चालणाऱ्या ‘स्टॉपएनसीआयआय’ या सेवेत फोटो आपल्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांना जातो आणि तोच फोटो कोणी चढवू लागला तर अडवला जातो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ ही अशीच सेवा आहे. मर्यादा अशी की ठसा काढायला फोटो आपल्याजवळ हवा. व्हिडिओ कॉलचे रेकॉर्डिंग एकट्या ब्लॅकमेलरकडे असेल, तर ठसा कशाचा काढणार? शिवाय व्हॉट्सॲपवर एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या फोटोपर्यंत यातील काहीच पोहोचत नाही.

पुरावा आणि नाव

तक्रार करायची तर चॅट डिलीट करू नये, समोरच्याला ब्लॉक करण्याआधी त्याचे प्रोफाइल, नंबर, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, पैसे देऊ नयेत, कारण मागणी तिथे थांबत नाही, हे सायबर पोलीस सांगतातच. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांसंबंधीच्या काही तक्रारी नाव न देताही करता येतात. पैसे गेले असतील तर १९३० ही हेल्पलाइन, मुलांसाठी १०९८. न्यायालयात मात्र स्क्रीनशॉट नुसता चालत नाही. त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात पक्के केले. मूळ फोन हजर केला तर प्रमाणपत्राची गरज नसते. परिणामी तपासासाठी पीडितेचाच फोन जमा होतो, त्यात तिचे उरलेले सारे आयुष्य असते, आणि तो केव्हा परत मिळेल ते सांगता येत नाही.

नावाचा प्रश्न याहून नाजूक. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. त्या कलमात ज्या गुन्ह्यांची यादी आहे, तीत चोरून टिपण्याचे कलम ७७ नाही, धाकदपटशा आणि खंडणी तर नाहीतच. मुलांना पॉक्सोचे संरक्षण आहे. प्रौढ स्त्रीचे किंवा पुरुषाचे नाव झाकायचे की नाही, हे न्यायाधीशाच्या विवेकावर राहते. उच्च न्यायालये ‘एक्स’ असे लिहून नाव झाकतात. तालुक्याच्या न्यायालयातील बोर्डावर आणि स्थानिक वार्ताहराच्या वहीत तसे होईलच असे नाही.

जे अजून ठरलेले नाही

पहिला प्रश्न बनावट चित्राचा. ‘तुझा चेहरा लावून बनवीन’ ही धमकी देताना धमकावणाऱ्याला फोटो मागावासुद्धा लागत नाही. इन्स्टाग्रामवरचा लग्नातला फोटो पुरतो. ६६ई आणि ७७ ही दोन्ही कलमे खरे शरीर टिपले जाण्यावर उभी असल्याने बनावट चित्र त्यांच्यातून निसटते आणि पुन्हा अश्लीलतेच्या ६७एकडे जावे लागते.

दुसरा मोजदादीचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत ६५,८९३ सायबर गुन्हे आहेत. त्यांतील सुमारे ६५ टक्के फसवणुकीच्या हेतूचे, साडेपाच टक्क्यांच्या आसपास खंडणीचे आणि पाच टक्क्यांच्या थोडे वर लैंगिक शोषणाचे. फोटोसाठी केलेली जबरदस्ती यांपैकी कोणत्या रकान्यात जाते हे लावलेल्या कलमावर ठरते. म्हणून हा प्रकार किती मोठा आहे, हे नवा कायदा मागणाऱ्यांनाही आणि तो नको म्हणणाऱ्यांनाही आकड्यांनी दाखवता येत नाही.

तिसरा सर्वांत अवघड. धमकीविना केलेली गळ गुन्हा मानायची का? रुसवा, अबोला, ‘बाकी सगळ्या पाठवतात’ हे टोमणे यांनी माणूस नमतो, हे खरे. पण दोन प्रौढांच्या नात्यातील प्रत्येक आग्रह फौजदारी कायद्याखाली आणला तर आईवडिलांना न आवडणाऱ्या, जातीबाहेरच्या प्रेमाविरुद्ध ते आणखी एक हत्यार होईल, ही शंका नवा कायदा मागणाऱ्या संस्थांमधूनही ऐकू येते. पॉक्सोचा तसा वापर झालेला न्यायालयांनीच नोंदवला आहे. सध्याचा कायदा ही रेषा कलम ७५ मधील ‘मागणी किंवा विनंती’ आणि कलम ७८ मधील ‘स्पष्ट अनिच्छा’ या शब्दांवर सोडून मोकळा झाला आहे, आणि ती प्रत्यक्षात कुठे पडते हे प्रकरणागणिक, बहुतेकदा ठाण्यातच, ठरते.